रचायचं त्यांनी, काडी ओढायची तिने

पहिल्यांदा इंग्लंडला आले तेव्हा शशिधर भावजींच्या घरात मला जी खोली मिळाली, तिच्या कोपऱ्यातून खालच्या शेगडीचं धुराडं वर गेलं होतं. खाली बैठकीत कुणी खोकलं तरी त्या धुराड्याच्या कडेने वर ऐकू यायचं. मुद्दाम कान लावायची गरज नव्हती. तरी मी अंथरुणात उठून बसले, हे खरं.

माझी जाऊ सुनीती तेव्हा हॉस्पिटलात नर्स होती. रात्रपाळी करून सकाळी नुकतीच घरी आली होती.

"शशी, हे काय आहे?"

"काय?"

"शेगडी गार. राख तशीच. आणि तू टोस्ट खात बसलायस."

"लाकडं आणलीत की. टोपली भरून ठेवलीय, बघ."

"टोपली पांघरू का मी?"

"तू आलीस की पेटवतेसच, म्हणून म्हटलं..."

"रात्रभर लोकांचं करून आलेय मी. लाकडं फोडायची हौस तुझी, त्यांचे फोटो काढून कऱ्हाडला पाठवायची हौस तुझी, आणि राख तेवढी माझी."

"पण तू पेटवलीस की धूर होतो सगळीकडे. रचायचं कसं ते तुला कळतच नाही."

"मग तू रच. रोज संध्याकाळी रचून ठेव. मी नुसती काडी ओढेन. पण काडी मीच ओढणार. तू हात लावायचा नाहीस."

"का बरं?"

"तू पेटवलीस की दिवसभर सांगत हिंडतोस, मी पेटवली, मी पेटवली."

मग भावजींनी हळूच विचारलं, "आणि राख?"

"राख बिनवर," सुनीती म्हणाली.

मला धक्का बसला तो भांडणाचा नव्हे. नवराबायकोत तेवढं चालायचंच. धक्का बसला तो त्या 'तू'चा. माझ्यासमोर सुनीती 'अहो' सोडून बोलत नसे. मी खाली गेले तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसले होते.

"झोप लागली का वहिनी?" भावजींनी विचारलं.

"छान लागली."

"अहो, वहिनींना चहा करता का जरा?" सुनीती म्हणाली, आणि भावजी गुपचूप उठले. मी काही ऐकलंच नाही असा चेहरा केला, आणि तो पुढे कितीतरी वर्षं तसाच ठेवला.

'राख बिनवर' म्हणजे काय ते मला नंतर कळलं. इथे कौन्सिलची कचरागाडी एका आठवड्याला काळा बिन नेते आणि दुसऱ्या आठवड्याला निळा. काळ्याच्या आठवड्यात राख भावजींनी काढायची, निळ्याच्या आठवड्यात सुनीतीने. लाकडं आणणं, फोडणं, रचणं भावजींचं. पेटवणं आणि दिवसभर राखणं सुनीतीचं. एवढा करार. कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडलेला मी पाहिला नाही. सकाळची ती काडी ओढायची राहिली अशी मला एकच वेळ माहीत आहे, आणि तेच सांगायला बसले आहे.

शशिधर भावजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. कऱ्हाडला सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. "वहिनी, सांगा हो लोकांना, मी नुसते हाडांचे फोटो काढतो," असं ते मला म्हणायचे. मी सांगायची. लोक म्हणत, बघा, एवढा मोठा डॉक्टर आणि किती साधा.

घर घेतलं ते शहराबाहेरच्या एका खेड्यात. गावात गॅसची लाइन नाही. वरच्या खोल्यांत विजेचे हीटर, तेही नावाला. खालचं सगळं घर तापायचं ते बैठकीतल्या लोखंडी शेगडीवर. तिला पुढून काचेचं दार. ते तिला वुडबर्नर म्हणायचे, सुनीती आणि मी शेगडी. घरात पाऊल टाकलं त्या दिवशी स्वयंपाकघरातला विजेचा स्टोव्ह चालू होईना, म्हणून दूध उतू घातलं ते ह्याच शेगडीवर. त्या दुधाचा तपकिरी डाग तिच्या माथ्यावर अजून आहे. भावजी घासायला निघाले होते. सुनीतीने हातातली घासणी काढून घेतली.

लाकडाचा नाद त्यांना कुठून लागला देव जाणे. आमच्या घरी लहानपणी चुलीला काटकी आणून द्यायला सांगितली तर हे पुस्तक घेऊन माडीवर पळायचे, असं सासूबाई सांगत. इथे मात्र वादळ झालं की सकाळी गाडी घेऊन बाहेर पडायचे, कुणाचं झाड पडलंय का बघायला. दार वाजवायचे, बोलायचे, आणि गाडीच्या डिकीत ओंडके भरून यायचे. कपडे मातीने भरलेले. मग ते फोडून शेडमध्ये रचायचे. लाकूड दोन उन्हाळे वाळू द्यायचं, असा त्यांचा नेम. इथे पावसाळा असा वेगळा नसतोच, म्हणून पावसाळे मोजून उपयोग नाही. कुणी घरी आलं की दोन लाकडं हातात घेऊन एकमेकांवर आपटून दाखवायचे. "ऐका. हे खण्ण वाजलं म्हणजे वाळलं. हे बद्द वाजलं, हे अजून पाणी पितंय." पाहुणे बिचारे जेवायला आलेले.

गणपती झाले की मराठी मंडळातल्या प्रत्येक घरी ह्यांचा फोन. "नारळाच्या करवंट्या टाकू नका, मी येतो." नॉटिंगहॅममधल्या एवढ्या मराठी घरांतल्या मोदकांच्या करवंट्या आमच्या शेडमध्ये. करवंटी जळते कडक, म्हणून ती फक्त फार थंडी पडली की बाहेर काढायची, तीही एकेक. एकदा हौसेने एकदम टोपलीभर घातल्या आणि धुराडं असं घोंघावायला लागलं की शेजारची पॉलीन चप्पल न घालता धावत आली. त्यानंतर करवंट्यांची किल्ली सुनीतीकडे गेली. लग्नपत्रिका मात्र ते कधी जाळत नसत. त्यावर गणपती असतो. मंडळातल्या घटस्फोट झालेल्यांच्यासुद्धा पत्रिका त्यांच्या खणात नीट ठेवलेल्या.

माझा मुलगा हरीश मिल्टन कीन्सला असतो. आमचे हे गेल्यावर त्याने मला इकडे आणलं. तो आणि सूनबाई दिवसभर कामावर. घर गरम, पण बोलायला भिंती. म्हणून थंडीच्या दिवसांत मी भावजींकडे राहायला जाऊ लागले. तेव्हा रोज संध्याकाळी त्यांचं रचणं बघायची. सुनीतीची रात्रपाळी केव्हाच संपली होती, दोघंही रिटायर झाले होते, तरी करार चालूच होता.

त्यांची पद्धत उफराटी. आम्ही चुलीत खाली काटक्या, वर लाकूड घालायचो आणि खालून फुंकायचो. हे खाली जाड लाकडं ठेवायचे, त्यावर बारीक, त्यावर मूठभर काटक्या आडव्यातिडव्या, आणि सगळ्यात वर वर्तमानपत्राचा पीळ. पेटवायचं ते वरून. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, "भावजी, हे पेटलं तर मी फुंकणी गिळीन." सकाळी सुनीतीने एक काडी ओढली, आणि धूर नाही काही नाही, आग दिव्यासारखी वरून खाली उतरत गेली. भावजींनी नुसता माझ्यापुढे पाण्याचा पेला आणून ठेवला, फुंकणी गिळायला सोपी जावी म्हणून.

रचून झालं की काड्यापेटी शेगडीच्या डाव्या अंगाला ठेवायची, कारण सुनीती डावखुरी. मग गुडघ्यावर हात देऊन उठायचं आणि म्हणायचं, "झालं उद्याचं." कुणाला उद्देशून नाही. सवय.

मग त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. त्यांची मुलगी वरदा ग्लासगोला डॉक्टर आहे. खरी डॉक्टर. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी जरा घसरतं. ती फोनवर म्हणाली, "बाबा, तू आता लाकूड उचलायची नाही. स्ट्रिक्टली नाही."

"बरं, डॉक्टर," भावजी म्हणाले. फोन ठेवला आणि शेडमधली मोठी टोपली अडगळीत टाकून लहान टोपली आणली. टोपली लहान, फेऱ्या जास्त. सुनीतीने सगळं पाहिलं.

"अहो, मी आणते की."

"तू काडी ओढ. तुझं ते. माझं मला करू दे."

ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, "वहिनी, लाकडं बंद केली तर हा माणूस खुर्चीत बसून राहील. आणि बसला की संपला." म्हणून तिने बघून न बघितल्यासारखं केलं. वरदाला कळवलं नाही. मीही नाही.

गेल्या जानेवारीत एका सकाळी ते उठलेच नाहीत. झोपेतच गेले. सुनीती नर्स, तिला हात लावताच कळलं असणार. तिने मला हाक मारली तेव्हा त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट करून ती शेजारी बसली होती. खाली शेगडी रचलेली होती.

आता इथली रीत सांगते. आपल्याकडे सकाळी माणूस गेलं तर संध्याकाळपर्यंत सगळं उरकतं. तोवर घरात चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी पिठलंभाकरी आणून देतात. इथे फ्युनरलवाला आला, मऊ आवाजाचा माणूस, म्हणाला, जानेवारीत फार गर्दी असते, क्रिमेटोरियमची तारीख मिळायला अडीच-तीन आठवडे लागतील.

सुनीती शेगडीसमोर बसली होती. म्हणाली, "वहिनी, त्यांना अग्नी मिळालेला नाही. त्याआधी मी घरात अग्नी कसा पेटवू?"

ह्या बाईने आयुष्यभर सोमवार केला नाही की चतुर्थी पाळली नाही. पण ते दूध त्या शेगडीवर उतू गेलं होतं. तिच्या लेखी तीच घरची चूल. मी मनात म्हटलं, दोन दिवस जाऊ देत.

दोनाचे चार झाले, चाराचे आठ. घर असं गारठलं की खोबरेल तेलाची बाटली दगड झाली. वरदा आली होती. तिने दोन हीटर विकत आणले. दोन्ही लावले की घराचा फ्यूज उडायचा. एक लावला की तो आपल्यापुरता तापायचा. मंडळातली माणसं पाळीपाळीने डबे आणत आणि कोट न काढता बसत. सुनीतीला जुना दमा. ती खोकायला लागली. दिवसा शाल, शालीवर ड्रेसिंग गाऊन, त्यावर भावजींचा कोट.

पॉलीन सूप घेऊन आली. मला म्हणाली, "तुमच्या धुराड्यातून धूर दिसत नाही, म्हणून आले. रोज सकाळी तो दिसला की मला वाटायचं, उठली मंडळी." माझं इंग्रजी बेताचं, पण एवढं मला कळलं.

एका दुपारी वरदाने खाली बसून काड्यापेटी उचलली. "आई, इनफ. मी पेटवते."

"हात लावायचा नाहीस," सुनीती म्हणाली. अगदी तोच आवाज. धुराड्याच्या कडेने ऐकलेला.

"तुझं चेस्ट ऐकलं मी. असं चालला तर तू पण हॉस्पिटलमध्ये जाईल. एक तर शेगडी, नाही तर उद्या सकाळी तू माझ्याबरोबर ग्लासगोला येते. मावशीकाकूंना हरीशदादा घेऊन जाईल."

मला ती लहानपणापासून मावशीकाकू म्हणते. मी मावशी नव्हे, हे तिला कुणी सांगितलं नाही.

"ग्लासगोला नेतेस तर ने," सुनीती म्हणाली. "मी शेगडी पेटवणार नाही."

वरदा वर जाऊन बॅग भरू लागली. सुनीती एकदा त्या घरातून गेली की परत येईल असं मला वाटेना. म्हातारं माणूस लेकीकडे थंडीपुरतं म्हणून जातं, मग उन्हाळ्यात कुणीतरी घर बघायला येतं. हे मी माझ्याच घरावरून सांगते. आणि ती शेगडी तशीच रचलेली राहिली असती, कुणीतरी तिसऱ्याने लाकडं काढून टाकेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी शेगडीसमोर बसलो होतो. बोललं की तोंडातून वाफ. दाराशी तिची बॅग उभी.

मी म्हटलं, "सुनीती, कऱ्हाडला मामंजी गेले तेव्हा तू इथे होतीस. तू पाहिलं नाहीस. भावजी पोचेपर्यंत थांबताही आलं नाही. ह्यांनी मडकं धरलं होतं."

"कसलं मडकं?"

"विस्तवाचं. अग्नी काही स्मशानात मिळत नाही. तो घरातून न्यायचा. पुढे मडकं, मागे माणूस."

तिने अंगावरचा कोट ओढून घेतला.

"तू म्हणतेस, त्यांना अग्नी मिळाल्याशिवाय घरात पेटवायचा नाही. अगं, घरात नसेल तर त्यांना द्यायचा कुठला?"

"इथे बटण असतं वहिनी. मडकं कुणी आत नेऊ देत नाही."

"बटण त्यांचं. आपलं आपण करायचं. आणि चूल बंद ठेवायची ती संध्याकाळपर्यंत. ज्यांनी ही रीत घातली त्यांना इथली रांग ठाऊक नव्हती. तीन आठवडे पोरंबाळं उपाशी गारठवा असं कुणी म्हटलं नसतं."

ती खोकली. मग मी म्हटलं, "शिवाय करार काय होता? रचायचं त्यांनी, काडी ओढायची तू. त्यांनी त्यांचं केलंय. तुझंच राहिलंय."

"कसला करार?" तिने मान वळवली. "वहिनी. तुम्ही ऐकलं होतंत?"

"धुराडं माझ्या उशाशी होतं."

"सगळं?"

"टोपली पांघरण्यापासून."

"म्हणजे मी त्यांना अरेतुरे केलं तेही?"

"ते तर सगळ्यात आधी ऐकू आलं."

सुनीती हसली. हसताहसता खोकली, आणि मग जे इतके दिवस आलं नव्हतं ते आलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. वरदा जिन्यात येऊन उभी राहिली होती, तिला मी डोळ्यांनीच म्हटलं, थांब.

मग सुनीती जमिनीवर बसली. शेगडीचं दार उघडलं. डाव्या हाताने डावीकडची काड्यापेटी घेतली. "शशी," ती म्हणाली, माझ्यासमोर, उघड, "पेटवते रे." एक काडी. कागदाच्या पिळाने पेट घेतला, काटक्यांनी घेतला, आणि आग वरून खाली उतरू लागली. धूर नाही. इतके दिवस थंड पडलेलं रचलेलं, पण कुठे काही ढळलं नव्हतं.

जरा वेळाने तिने चिमट्याने एक काटकी बाहेर काढली, टोक जळलेली, आणि वाटीत विझू दिली. क्रिमेटोरियमला न्यायच्या दिवशी तुळशीच्या पानांबरोबर ती काटकी तिने त्यांच्या हाताशी ठेवली. फ्युनरलवाल्याने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

वरदाने बॅग उचलून वर नेली. मी खिडकीत गेले, तर पॉलीन तिच्या फाटकाशी उभी राहून आमच्या धुराड्याकडे बघत होती. तिने हात वर केला. मीही केला.

सुनीती त्याच घरात आहे. रचतेही तीच आता. तिचं रचलेलं अजून कधीकधी ढासळतं आणि धूर होतो, मग ती फोटोकडे बघून म्हणते, "दिसतंय मला, बोलू नकोस." 'अहो' गेलं ते गेलंच. निळ्या बिनच्या आठवड्यात राख ती काढते, काळ्याच्या आठवड्यात मी असले तर मी.

त्यांचा शेवटचा दिवस होता तेव्हा आठवडा काळ्या बिनचा होता. चहा पिऊन भावजींनी राख काढली. सगळी नाही, तळाला बोटभर ठेवायची असते. बादली गुलाबांच्या मुळाशी रिकामी करून आले. मग लहान टोपली घेऊन शेडकडे गेले. "अहो, बूट घाला, सपातांवर जाऊ नका," सुनीती आतून म्हणाली. ते सपातांवरच गेले. एक फेरी, मग दुसरी. मी लसूण सोलत होते. त्यांनी दोन लाकडं एकमेकांवर आपटून कानाशी धरली, एक परत नेऊन ठेवलं. खाली जाड, वर बारीक, वर काटक्या. वर्तमानपत्राचं क्रिकेटचं पान बाजूला काढून उरलेल्याचा पीळ केला. काच पुसली. काड्यापेटी हलवून बघितली, आत काड्या आहेत ना, आणि डाव्या अंगाला ठेवली. मग गुडघ्यावर हात देऊन उठले.

"झालं उद्याचं," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.